सगळ्यांना माहीत होतं

गेल्या महिन्यात माझी भाची सामना खेळून आली आणि बूटही न काढता सोफ्यावर आडवी झाली. गुडघ्यावर सुकलेला चिखल, मोज्यांत अडकलेलं गवत आणि तोंड असं, की काही विचारायची सोय नाही. अकरा वर्षांची आहे. संघात उजव्या बगलेला खेळते. चेंडू पायात आला की आधी डावीकडे झुकते आणि मग उजवीकडून निसटते. त्या दिवशी मध्यंतरानंतर तिला बाहेर बसवलं होतं. हिला एकच युक्ती येते आणि ती आता समोरच्यांनाही पाठ झाली आहे, असं प्रशिक्षक सगळ्या मुलींसमोर म्हणाले. हे सांगताना ती रडली नाही, मोज्यातलं एकेक पातं उपटून काढत राहिली. तिची समजूत घालायला माझ्याजवळ शब्द नव्हते. म्हणून मी मोबाइल काढला आणि तिला ब्राझीलचा जुना फुटबॉलपटू गारिंशा दाखवला.

चित्रफीत जुनी, कृष्णधवल, उभ्या रेघांनी भरलेली. उभ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेला एक माणूस उजव्या सीमारेषेजवळ उभा आहे. चेंडू त्याच्या पायापुढे, निश्चल. समोर बचावपटू, गुडघ्यात वाकलेला, दोन्ही हात पसरलेले. क्षण दोन क्षण काहीच घडत नाही. मग तो माणूस डावीकडे झुकतो. खांदा, कंबर, गुडघा, सगळं झुकतं, चेंडू मात्र तसूभरही हलत नाही. बचावपटू त्याच्याबरोबर झुकतो. हा सरळ होतो, पुन्हा झुकतो. आणि मग उजवीकडून, जिथून जाणार हे ठरलेलंच होतं तिथून, निघून गेलेला असतो. पुढचा तुकडा दुसऱ्या सामन्याचा, बचावपटू दुसरा, घडतं तेच. त्यापुढच्या तुकड्यातही तेच. तिसऱ्या वेळी भाचीनं मान उचलली. पाचव्या वेळी तिनं मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला.

"मामा, हा कुठून जाणार ते सगळ्यांना माहीत होतं ना? मग अडवायचे का नाहीत?"

मी काहीतरी उत्तर दिलं. वेळ साधण्याबद्दल, पहिल्या दोन पावलांतल्या वेगाबद्दल. तिचं तेवढ्यानं भागलं, ती हातपाय धुवायला गेली. माझं भागलं नाही. हाच प्रश्न मी या माणसाच्या बाबतीत कैक वर्षं मनात घोळवत आलो आहे, आणि तो नुसता खेळाबद्दलचा नाही.

त्याचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तो काकांनी जपून ठेवलेल्या एका कात्रणात. मला वाटलं छपाई चुकली आहे. उभ्या माणसाच्या कमरेपर्यंतचं सगळं जागच्या जागी, आणि खाली दोन्ही पाय एकाच बाजूला वळलेले. वारा सतत एकीकडून वाहत असला की झाडं वाढतात, तसे. एक पाय दुसऱ्यापेक्षा सुमारे ६ सेंटिमीटरनं आखूड. काकांनी त्याला खेळताना कधी पाहिलं नव्हतं, पण सांगायचे अशा आवाजात की जणू कालच पाहून आले. मी तो फोटो समोर धरून तसा उभा राहायचा प्रयत्न करायचो. दोन मिनिटांत पोटऱ्या भरून यायच्या. मला तेव्हा कळायचं नाही, की या पायांवर नीट चालणंसुद्धा जिथे अवघड, तिथे हा माणूस पळायला कसा शिकला.

रिओ द जनेरोजवळच्या पाउ ग्रांजी नावाच्या कापडगिरणीच्या गावात २८ ऑक्टोबर १९३३ रोजी तो जन्मला. मॅन्युएल फ्रान्सिस्को दोस सांतोस. गाव गिरणीचं, घरं गिरणीची, वडील गिरणीतच रखवालदार. गारिंशा हा तिकडचा एक इवलासा तपकिरी पक्षी. बहिणीनं त्याला त्यावरून हाक मारली आणि ते नाव चिकटलं. मॅन्युएलचं लाडाचं रूप माने. ब्राझीलच्या बोलीत याच शब्दाचा दुसरा अर्थ भोळा, बावळट. दोन्ही अर्थ त्याला आयुष्यभर चिकटून राहिले. मुलगा वयात आल्यावर गिरणीत लागला. कामात त्याचं लक्ष नसायचं, पण गिरणीच्या फुटबॉल संघाला तो हवा होता, म्हणून निभावलं. मोठ्या शहरातल्या मोठ्या क्लबात जाण्याची त्याला घाई नव्हती. पाखरं पकडावीत, मासे धरावेत, दोस्तांबरोबर अनवाणी चेंडू लाथाडावा, यापलीकडे आयुष्यात काही असावं लागतं असं त्याला बहुतेक वाटतच नसावं.

१९५३ साली त्याला चाचणीसाठी रिओच्या बोताफोगो क्लबात नेलं. समोर उभा केला निल्टन सांतोसला. तो ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाचा लेफ्ट बॅक, खेळाचा एवढा जाणकार की लोक त्याला ज्ञानकोश म्हणायचे. त्या वाकड्या पायांच्या पोरानं चेंडू ज्ञानकोशाच्या दोन पायांमधून काढला. यावर एखादा चिडला असता, पुढच्या वेळी पोराच्या नडगीवर पाय ठेवला असता. निल्टन सांतोसनं क्लबच्या लोकांना सांगितलं, की याला आजच्या आज घ्या, मला याच्याविरुद्ध खेळायचं नाही. मला या गोष्टीत गारिंशापेक्षा निल्टनच अधिक भावतो. आपल्या फजितीत समोरच्याचं देणं ओळखायला मन फार मोठं लागतं. पुढे दोघं जन्माचे मित्र झाले.

त्याची युक्ती मग देशभर झाली. डावीकडे झुकायचं, उजवीकडून जायचं. वर्तमानपत्रांत छापून यायची, प्रशिक्षक फळ्यावर काढून दाखवायचे. तरीही रविवार आला की कुणीतरी नवा बचावपटू डावीकडे कलंडलेला असायचा. फुटबॉलच्या मैदानात प्रेक्षक ओरडतात, शिव्या देतात, गातात. रिओच्या माराकाना मैदानात त्याच्या पायात चेंडू आला की लोक हसायचे. हजारो माणसांचा एकत्र हशा. वाढीव तासांची मजुरी, भाड्याची खोली, आठवडाभराचे अपमान हे सगळं ज्यांच्या पाठीवर होतं, ती माणसं दीड तास लहान मुलासारखी हसायची. त्यांनीच त्याला नाव दिलं 'आलेग्रिया दो पोवु', लोकांचा आनंद. खेळाडूंना राजा म्हणतात, सम्राट म्हणतात, तोफ म्हणतात. आनंद म्हटलेला माझ्या माहितीत हा एकटाच.

१९५८च्या सुरुवातीला मेक्सिको सिटीत बोताफोगोची गाठ अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेटशी पडली. त्यांचा वायरो नावाचा बचावपटू गारिंशावर नेमलेला. प्रत्येक हुलकावणीला गर्दीतून 'ओले' असा एकच आवाज उठू लागला. तो बैलांच्या झुंजीतला, बैल लाल कापडाजवळून रिकामा निघून जातो तेव्हाचा. बोताफोगोचा तेव्हाचा प्रशिक्षक साल्दान्या पुढे सांगायचा, की एकदा गारिंशा चेंडू मागेच ठेवून नुसता धावला आणि वायरो त्या नसलेल्या चेंडूमागे पळत गेला. आज जगातल्या कुठल्याही मैदानात एखादा संघ पास देत राहिला की प्रेक्षक 'ओले' ओरडतात. फुटबॉलमध्ये ही आरोळी त्या दिवशी आली असं ब्राझीलमध्ये मानतात. हे वाचल्यावर मी पुष्कळदा वायरोचा विचार केला आहे. हशा पिकला की कुणाचा तरी जीव खाली बसलेला असतोच. पण असंही सांगतात, की सामन्यातून बाहेर येताना वायरो स्वतःच हसत होता, आणि याला अडवणं शक्य नाही म्हणाला.

त्याच वर्षीच्या विश्वचषकाआधी ब्राझीलच्या संघानं मानसशास्त्रज्ञ नेमला होता. त्याच्या चाचणीत गारिंशाला १२३ पैकी ३८ गुण मिळाले. शहरात बस चालवायलाही यापेक्षा जास्त लागायचे. सतरा वर्षांच्या पेलेबद्दलही अहवाल प्रतिकूलच होता. त्याच सुमारास इटलीत फिओरेंतिनाविरुद्धच्या सराव सामन्यात गारिंशानं बचावफळी ओलांडली, गोलरक्षकाला चकवलं, समोर रिकामं गोल. त्यानं चेंडू मारला नाही. मागून एक बचावपटू धावत येत होता, त्याची वाट पाहिली, त्यालाही चकवलं आणि मग आत नेला. संघाचे कर्तेधर्ते संतापले. हा पोरखेळ विश्वचषकात चालणार नाही म्हणाले. स्वीडनमधल्या पहिल्या दोन सामन्यांत त्याला बाहेर बसवलं.

तिसरा सामना १५ जून १९५८ रोजी गोथेनबर्गला, सोव्हिएत संघाशी. त्यांनी आदल्याच वर्षी आकाशात उपग्रह सोडलेला, फुटबॉलही शास्त्राप्रमाणे खेळतात अशी त्यांची ख्याती, गोलमध्ये लेव याशिन. ब्राझीलनं गारिंशा आणि पेले दोघांनाही उतरवलं. शिट्टी वाजली, चेंडू उजवीकडे गेला. समोर कुझ्नेत्सोव. डावीकडे झुकणं, उजवीकडून जाणं. कुझ्नेत्सोव जमिनीवर. चेंडू खांबावर आदळला. लगेच पेलेचा फटका आडव्या दांड्यावर. तिसऱ्या मिनिटाला ब्राझीलच्याच वावानं गोल केला. एका फ्रेंच पत्रकारानं या तीन मिनिटांना फुटबॉलच्या इतिहासातली सर्वोत्तम तीन मिनिटं म्हटलं. अंतिम सामन्यात स्वीडननं आधी गोल केला, आणि मग काय झालं ते फितीत पाहण्यासारखं आहे. गारिंशा उजवीकडून गेला, गोलरेषेपासून चेंडू आत दिला, वावानं गोल केला. वीसेक मिनिटांनी पुन्हा गारिंशा उजवीकडून गेला, चेंडू आत दिला, वावानं गोल केला. तोच तुकडा चुकून दोनदा जोडलाय असं वाटावं. ५-२. ब्राझीलचा पहिला विश्वचषक.

१९६२ साली चिलीमधल्या विश्वचषकात दुसऱ्याच सामन्यात पेले जखमी झाला. तेव्हा या एका युक्तीच्या माणसानं सगळंच करून दाखवलं. इंग्लंडविरुद्ध एक गोल डोक्यानं, एक लांबून वळवलेल्या फटक्यानं. यजमान चिलीविरुद्ध एक डाव्या पायानं, एक पुन्हा डोक्यानं. हा कुठल्या ग्रहावरून आला आहे, असं तिथल्या वर्तमानपत्रानं विचारलं. चिलीच्या सामन्यात लाथा खाऊन खाऊन शेवटी त्यानंही एकाला लाथ मारली आणि मैदानाबाहेर गेला. पण त्याच्यावर बंदी आली नाही, आणि अंगात ताप असताना तो अंतिम सामना खेळला. इंग्लंडच्या सामन्यात मैदानात एक कुत्रा शिरला होता. गारिंशालाही हुलकावणी देऊन तो निसटला, इंग्लंडच्या जिमी ग्रीव्ह्जनं रांगत जाऊन त्याला धरलं. तो कुत्रा पुढे गारिंशाच्या घरी ब्राझीलला गेला. आपल्याला चकवलेल्या कुत्र्याला घरी घेऊन जाणारा माणूस. मला वाटतं, त्याच्याबद्दल मला जे सांगायचं आहे त्यातलं निम्मं या एका गोष्टीत येतं.

उरलेलं निम्मं सांगायला माझा हात जड होतो.

वडील दारूच्या आहारी गेलेले होते. तोही लहानपणापासून काशासा पीत होता, उसाच्या रसाची तिकडची कडक दारू. क्लबला माहीत होतं, दोस्तांना माहीत होतं, पत्रकारांना माहीत होतं. करारावर तो कोऱ्या कागदावरच सही करायचा, आकडा क्लब नंतर भरायचा. हे त्याच्या भोळेपणाचं कौतुक म्हणून सांगितलं जातं, आणि मला प्रत्येक वेळी तो आकडा भरणारा हात दिसतो. त्या वाकड्या पायांवर वर्षानुवर्षं भार पडून गुडघ्यांची हाडं झिजली. सुज आली की सुई टोचायची आणि मैदानात पाठवायचं, कारण तिकिटं त्याच्या नावावर खपायची. लिव्हरपूलला १५ जुलै १९६६ रोजी विश्वचषकात ब्राझील हंगेरीकडून ३-१ असं हरलं. देशासाठी खेळलेल्या त्याच्या ५० सामन्यांतली ही एकुलती एक हार, आणि शेवटचा सामनाही तोच. ती फीत मी एकदाच पाहिली. तो डावीकडे झुकतो. मग उजवीकडे जायला निघतो आणि पाय निघत नाही.

एल्झा सोआरेस त्याच्या आयुष्यात आली तेव्हा ती नावाजलेली गायिका होती, झोपडवस्तीतून स्वतःच्या गळ्यावर वर आलेली. त्यानं तिच्यासाठी बायको-मुलींचं घर सोडलं आणि देशानं सगळा राग तिच्यावर काढला. लोकांच्या आनंदाला कोण दोष देणार? तिच्या घरावर गोळ्या झाडल्या गेल्या, काही काळ दोघांना रोममध्ये जाऊन राहावं लागलं. १९६९ साली तो चालवत असलेल्या गाडीला अपघात झाला आणि त्यात एल्झाची आई गेली. तरी ती त्याच्याबरोबर राहिली, त्याची बाटली लपवत राहिली, त्याला दारूपासून ओढत राहिली. त्यानं तिच्यावर हात उचलला. हे मी गाळून पुढे जाऊ शकत नाही. त्याच्या पायांवर मी जितकं प्रेम करतो, तितकंच हे माझ्या घशात अडकतं. आणि तो हशा ऐकताना हल्ली मला तीही ऐकू येते. १९७७ साली ती मुलाला घेऊन वेगळी झाली. तो मुलगाही पुढे नऊ वर्षांचा असताना अपघातात गेला. सगळ्यांना माहीत असलेल्या वाटेवर आडवं उभं राहणारं एकच माणूस होतं, आणि त्यालाच लोकांनी दगड मारले.

माझ्या ओळखीतही एक असा माणूस होता. तो आला की मैफल सुरू व्हायची. नकला करायचा, आवाज काढायचा, आमची पोटं दुखेपर्यंत हसवायचा. त्याच्या हातातला पेला कितवा हे आम्हा सगळ्यांना माहीत असायचं. कुणीच बोलायचं नाही, कारण बोललं असतं तर मैफल मोडली असती. त्याला जाऊन आता बारा वर्षं झाली. अजूनही आम्ही भेटलो की त्याच्याच नकलांची नक्कल करून हसतो, आणि मग थोडा वेळ कुणी कुणाकडे बघत नाही.

१९ डिसेंबर १९७३ रोजी माराकानात गारिंशाच्या निरोपाचा सामना झाला. १,३१,००० लोक आले. पूर्वार्धातच खेळ थांबवून त्यानं मैदानाला फेरी मारली. त्यानंतर सहा वर्षांनी, १९८०च्या कार्निव्हलमध्ये, मांगेरा या सांबा मंडळानं त्याला आपल्या रथावर बसवलं. तो नुकताच रुग्णालयातून आला होता. खाली ढोल, नाच, रंग, आणि वर तो, सुजलेला, गुंगीत, मान टाकलेला, हात कसाबसा हलवणारा. देशानं ते दूरचित्रवाणीवर पाहिलं. ज्याच्या अंगाच्या नुसत्या झुकण्यावर लोक हसत सुटायचे, तो हललाच नाही. २० जानेवारी १९८३ला रिओत तो गेला. वय ४९.

मग मात्र सगळे आले. माराकानात त्याचं शव दर्शनासाठी ठेवलं, तिथून अग्निशामक दलाच्या गाडीवरून पाउ ग्रांजीकडे नेलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं, पुलांवर माणसं. कबरीवर लिहिलं, की जो लोकांचा आनंद होता तो माने गारिंशा इथे शांतपणे विसावला आहे. २०१७ साली बातमी आली, की त्याच्या अस्थी नक्की कुठे आहेत हे त्या दफनभूमीचा कारभार पाहणाऱ्यांनाच खात्रीनं सांगता येत नाही. राजधानी ब्राझीलियात त्याच्या नावाचं अवाढव्य स्टेडियम आहे, २०१४च्या विश्वचषकासाठी अफाट खर्चून नव्यानं बांधलेलं. स्पर्धा संपल्यावर काही काळ त्याच्या आवारात बसगाड्या उभ्या करायचे. एल्झा मात्र गात राहिली. सत्तरी ओलांडली, ऐंशी ओलांडली, पाठीचं दुखणं असताना मंचावर खुर्चीत बसून गात राहिली, बायकांना मारणाऱ्यांविरुद्धही गायली. ती गेली २०२२ साली. तारीख २० जानेवारी. बरोबर ३९ वर्षांनी, त्याच तारखेला.

ब्राझीलचे लोक म्हणतात, पेलेबद्दल आदर वाटतो आणि गारिंशाबद्दल प्रेम. मला हे वाक्य पूर्वी फार आवडायचं. आता वाटतं, त्या प्रेमाच्या वाट्याला त्याची काळजी घ्यायची पाळी आली तेव्हा ते प्रेम कुठे होतं? आणि लगेच वाटतं, मी कोण हे विचारणारा. मीही रात्री एकटा बसून त्याच फिती बघतो, त्याच जागी हसतो.

यातलं काही मी भाचीला सांगितलेलं नाही. कधीतरी सांगावं लागेल, पण अकराव्या वर्षी नाही. परवा ती पुन्हा आली. तिचा पुढचा सामना झाला होता, काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आल्या आल्या तिनं मोबाइल मागितला, तीच चित्रफीत लावली आणि बोट टेकवून एका जागी थांबवली. पुढे केली, मागे आणली, पुन्हा थांबवली. तिला हवी ती चौकट सापडेपर्यंत तिचं चाललं होतं. मग तिनं मोबाइल माझ्या डोळ्यांसमोर धरला. दोन्ही हात सैल सोडून तो उभा. वाकडे पाय. चेंडू पुढ्यात. बचावपटूचा सगळा भार एका पायावर आलेला. मागे माणसांची भिंत, त्यातली कित्येक तोंडं अर्धवट उघडलेली.

"इथे," ती म्हणाली. "इथे तो अजून गेला नाहीये."

आम्ही दोघं तो थांबलेला पडदा बराच वेळ बघत बसलो. मग तो आपोआप काळा झाला, आणि तिनं बोट लावून पुन्हा उजळला.